गाडीच्या तोंडात कुंकू

ये गं बाई, इकडं माझ्याजवळ येऊन बस. काहून एवढी हसलीस? आजोबांच्या गाडीचा हॉर्न ऐकून 'हत्ती वरडला' म्हणतीस! म्हाताऱ्यांची टर उडवतीस व्हय? आधी ऐक.

ही अँबेसिडर तुझ्या बापाहून वयानं मोठी. तिला पुढच्या जाळीमागं दोन हॉर्न, एक बारीक आवाजाचा, एक जाड. पण गेल्या वर्षी दोघांचा मिळून आवाज कसा, तर तान्ह्या लेकराला शिंक आल्यासारखा. मी म्हणलं, नवीन बसवा. हे म्हणाले, "जुनेच राहू दे. तसला आवाज आता बाजारात मिळत न्हाई."

दिवाळीच्या आधी आमी वसमतहून गाडीनं घरी येत होतो. शिरड शहापूरच्या अलीकडं एक वळण उतरलो, आन् समोर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. मधोमध त्यांची राखणारी बाई, आमच्याकडं पाठ, काखेत कोकरू. ह्यांनी ब्रेक दाबला. जड गाडी, उतार, एकदम कुठली थांबती? हॉर्न दाबला. पीं... तेवढंच. बाईनं मानबी वळवली न्हाई. परत दाबला. मेंढरांच्या बें-बेंमधी आमची पीं कुणाला ऐकू जाती? ह्यांचा हात हॉर्नवरच चिकटून राहिला. मी खिडकीतून अर्धी बाहेर निघाले, दारावर बडवत वरडले, "अगं बाई, सर! बाजूला सर!"

ती वळली. कोकरू छातीशी धरून तिनं कडेच्या नालीत उडी घेतली. हातातली काठी रस्त्यावर पडली, ती आमच्या चाकाखाली आली, मग गाडी थांबली.

बाई नालीतूनच वरडली, "ओ मामा! गाडी हाय का मुकी म्हैस? न्हाई तर मामीला पुढं पळवत चला, तिचा आवाज बरा हाय!"

मला हसू आलं न्हाई. तिथून घरापर्यंत ह्यांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं जाळी काढली. "आजी, हे काय भरलंय आत?" हॉर्नच्या तोंडात लाल-पिवळा चिखल, वाळून दगड झालेला. वायरीची टोकं गंजलेली. एक हॉर्न तर पार मेलेला, दुसरा कसाबसा जीव धरून.

मला कळलं. दर दसऱ्याला गाडीची पूजा मी करते. हळद-कुंकू मूठभर जाळीवर टाकायचं, नारळ फोडला की पाणी त्यावरच. गाडीचं तोंड तेच ना! इतकी वर्षं मीच त्यात बोळा कोंबत होते.

"हे माझंच काम हाय," मी म्हणलं.

ह्यांनी माझ्याकडं पाह्यलंबी न्हाई. मेकॅनिकला म्हणाले, "दोन्ही नवीन बसव. सगळ्यात मोठ्या आवाजाचे."

हॉर्न वाजला आन् मी तिथंच स्टुलावर बसून रडले. त्या बाईचं कोकरू डोळ्यापुढून जाईना.

आता हस किती हसायचं तेवढं. पण सासरी गेलीस की वर्ष वर्ष फिरकत न्हाईस, तसं करू नको. दसऱ्याच्या आधीच ये. पूजेच्या टायमाला माझा हात अजून जाळीकडंच जातो गं, तो धरायला कुणी जवळ पाहिजे.