बुरुजावरची जागा

एका मंगळवारी किल्ल्यावर बोर्ड लागला.

तोपर्यंत किल्ला सगळ्यांचा होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. गोंड राजानं बांधला म्हणतात. राजे गेले, इंग्रजांचं ठाणं आलं, मग तेंदूपानांचं गोदाम, मग मोकाट गुरांचा कोंडवाडा. दिवाळीआधी राणीमहालात झाडीपट्टीच्या नाटकाच्या तालमी चालत, आणि नायिका मरताना कोंडलेल्या म्हशी हंबरत. पहाटे लोक खंदकाकडे कशाला जात, ते लिहीत नाही.

आई तलावातले झिंगे पूर्वेच्या बुरुजावर वाळवायची. दगड तापायचा, वारा लागायचा. बाजारात तिच्या झिंग्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

"काय लिवलं हाये वं?" बोर्डाकडे बघत तिनं विचारलं.

घरात वाचता येणारी मी एकटीच, तीही बी.ए. बोर्ड सरकारच्या पुरातत्त्व खात्याचा होता. किल्ला आता संरक्षित स्मारक होता; आत काही ठेवायला बंदी होती, दंड होता, कैद होती. शेवटची ओळ होती, भिंतीवर नावं कोरू नयेत. मी तेवढीच वाचून दाखवली.

"मंग आपल्याले काय? मले नाव लिवताच येत नाई," असं म्हणून ती टोपली घेऊन वर चढली.

आठवड्यात चौकीदार आला. गणवेश नवा, शिट्टी नवी.

"बाई, झिंगे उचला. बोर्ड वाचला नाई का?"

"माह्या पोरीनं वाचला. बी.ए. हाये ते. नाव कोरू नोका म्हनते. झिंगे नाव कोरतेत का, भाऊ?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या पुस्तकात पाहिलं. त्याला सगळं कळलं.

"साहेब आले तं माही नोकरी जाईन, बाई."

"मंग येतीन तवा सांगजो. उचलून घेईन."

आणि तसंच ठरलं. जीप दिसली की तो दोनदा शिट्टी वाजवायचा, आई टोपली डोक्यावर घेऊन मागच्या भगदाडातून उतरायची. साहेब स्वच्छतेबद्दल त्याचं कौतुक करून जायचे. संध्याकाळी त्याच्या घरी झिंग्यांची चटणी जायची. अशी दहा वर्षं किल्ल्याची राखण झाली.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. तेरवीनंतर चौकीदार दारात आला. पाणी पिऊन त्यानं विषय काढला.

"बाईची जागा खाली हाये. चार जनी मांगून राह्यल्या. कालच दोघी भांडल्या. तूच सांग, पोरी, कोनाले देऊ?"

सरकारच्या किल्ल्यात आईची जागा होती, आणि ती आता मी वाटायची होती. रिकामीच ठेवा, असं ओठांवर आलं. तिथे दुसऱ्या कुणाची टोपली मला बघवणार नव्हती. पण आई रिकामा दगड बघून चिडायची. ऊन वाया चाललं म्हणायची. आणि गावात स्मारक एक होतंच, दुसरं कशाला?

"शेजारच्या काकूंना द्या," मी म्हणाले. "त्यांच्या अंगणात ऊन येत नाही."

आईच्या जागेवर आता काकू मिरच्या वाळवतात.