मोटरसायकलचं ऑइल आणि काकूंची बदकं

मी माझ्या मोटरसायकलचं जळकं ऑइल दारासमोरच्या नालीत ओतलं. चांगलं डबाभर. मेकॅनिककडे कशाला जायचं, आपणच बदलू, ही हुशारी माझीच. ऑइल बदलता आलं याचाच इतका आनंद झाला, की जुन्याचं काय करायचं हा प्रश्न डोक्यात शिरलाच नाही. शिवाय आभाळ भरून आलं होतं. म्हटलं, नेईल पाऊस वाहून.

नेलं ना. आमची नाली गावामागच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात उतरते, थेट तिथं नेलं. आणि बोडीत शेजारच्या काकूंची सहा बदकं पोहत होती.

संध्याकाळी काकू एक बदक काखेत धरून आमच्या दारात. बदक काळंकुट्ट.

"कोण्या येड्यानं केलं असंन हे?"

"लोकायले अक्कलच नाही, काकू!" मी तावातावानं म्हणालो. नाली स्वच्छ ठेवण्यावर दोन-चार वाक्यंही झाडली. तेवढ्यात बायको म्हणाली, "काहून जी, तुमचे हात कायले काळे हायेत?"

शिक्षा जागेवरच झाली. सहाही बदकं मी बायकोच्या शाम्पूनं धुतली, तीन चावली. ते पाणीसुद्धा काकूंनी नालीत नाही, लांब उकिरड्यावर ओतायला लावलं. मग नालीच्या तोंडाशी धानाच्या तणसाच्या पेंढ्या ठासल्या. ऑइल पिऊन तणस काळं झालं की काढायचं, नवं लावायचं. तोवर बदकं कोंबड्या झाकायच्या मोठ्या डालग्याखाली. मी जवळून गेलो की आतला कलकलाट दुप्पट व्हायचा. काकूंचा जीव तुटायचा. "पाण्यातलं जनावर हाय गा, किती दिवस कोंडून ठेवू?"

आठवड्यानं बोडीवरचा तेलकट तवंग गेला. काकूंनी डालगं उचललं, बदकं ओळीनं बोडीच्या वाटेला लागली. मला एवढं हायसं वाटलं, की त्या आनंदात मी मोटरसायकल दारात उभी केली आणि साबणाच्या पाण्यानं घसाघसा धुतली. पांढरा फेस तणसातून आरपार निघून, बदकांच्याही पुढं, ऐटीत बोडीकडे चालला.

काकूंनी धावत जाऊन बदकं वळवली. परत येऊन हातातल्या डालग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते डालगं माझ्या बायकोपुढं धरलं.

"पोरी, माह्या बदकायचं मी पाह्यतो. हे तू याच्यावर झाक."