देवाचं पथ्य

फोन दुबे भाभींचा होता. हैदराबादला लेकीच्या घरी सकाळी दहाच्या सुमारास मी मेथी निवडत बसले होते. "भाभी, आप आ जाइए," एवढंच त्या आधी म्हणाल्या. मी विचारलं, जिज्जी पडल्या का? शेजारणीचा असा फोन आला की आमच्या वयाच्या बायकांना आधी न्हाणीघरच आठवतं. "नहीं भाभी... जिज्जी नहीं रहीं. पूजा में बैठी थीं, बैठी ही रह गईं." मी हो हो म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली. आता आठवलं की लाज वाटते, पण हात थांबतच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी जबलपूरला पोचले तोवर नर्मदेकाठी ग्वारीघाटावर सगळं उरकलं होतं. नागपूरहून सासरकडचा एक पुतण्या आला होता, त्याने अग्नी दिला. मला जिज्जींचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

जिज्जी म्हणजे माझी थोरली नणंद. जबलपुरात थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात, आमच्या मराठी घरांनीही ते कधीच उचललं. राज्यांची नव्याने वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे राहिलो, हे त्या मुलांना गोष्ट सांगावी तसं सांगायच्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या ना. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, हे विचारायची हिंमत घरात कोणालाच नव्हती. मी अमरावतीहून जबलपुरातल्या महाराजपूर भागातल्या या घरात सून म्हणून आले तेव्हा सासू-सासरे गेलेले होते आणि घराच्या किल्ल्या जिज्जींच्या कमरेला होत्या. माझं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं असं मी म्हणणार नाही. माझी जीभ तिखट, त्यांची नजर तिखट. आमचे हे मात्र दोघींच्या मधे पेपर उघडून बसायचे.

लग्नानंतर आठ वर्षांनी रेवा झाली. जिज्जींनी नर्मदामाईला नवस बोललेला होता, म्हणून नावही तिचंच ठेवलं. चौथ्या महिन्यात पोरीचे गाल लाल झाले, मग खरखरीत, मग पाझरायला लागले. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत चामडी फाटायची. इसब, म्हणाले सगळे. झोपेतही खाजवायची आणि उशीवर रक्ताचे ठिपके पडायचे. जिज्जींनी आपलं मऊ झालेलं सुती लुगडं फाडून तिला हातमोजे शिवले, इवले इवले, बंद लावलेले. तसे बारा जोड शिवले होते त्यांनी, कारण दिवसाला चार भिजायचे.

बडा फुहारा चौकाजवळ कापडाच्या दुकानाच्या माडीवर एक होमिओपॅथीचे डॉक्टर बसत. जिज्जींचा त्यांच्यावर फार विश्वास. त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले, पोटुशी असताना काय खावंसं वाटायचं, भीती कशाची वाटते, पाऊस आवडतो का. मग पांढऱ्या गोळ्यांच्या पुड्या दिल्या आणि पथ्य सांगितलं. बाळाला गाईचं-म्हशीचं दूध नाही, आणि ते माझ्या अंगावर पितं म्हणून मलाही दूध, दही, ताक, तूप काही नाही. कांदा, लसूण, हिंग, कॉफी वर्ज्य. घरात कापूरसुद्धा नको, त्याच्या वासाने गोळ्यांचा गुण जातो म्हणे. जिज्जींनी घरी आल्या आल्या ही यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहिली, शाळेतल्या त्या वळणदार अक्षरात. कापराची डबी दुबे भाभींना देऊन टाकली. आरती नुसत्या निरांजनावर सुरू झाली. देवाच्या बाबतीत एवढी तडजोड त्यांनी त्याआधी कधी केलेली मी पाहिली नव्हती.

मी कोरा चहा प्यायला शिकले. पोळी तेल लावून खाल्ली. डॉक्टरांकडे जायच्या वाटेवर दुधाच्या खोव्याच्या जिलबीचं दुकान होतं, तिथून जाताना मी श्वास रोखून चालायची, खरंच सांगते. आणि तरी दर चार-आठ दिवसांनी रेवाचे गाल पुन्हा पेटायचे. मग जिज्जी माझ्यासमोर उभ्या राहायच्या. "काहून ग शुभे, काही खाल्लं का तू? खरं सांग." नाही म्हटलं तरी त्या बघतच राहायच्या. "मग कशानं होऊन राहिलं?" मी रेवाची शपथ घेतली तरी ती नजर हटली नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, जिज्जी म्हणते तर बघ ना जरा आठवून. हळदीकुंकवाला जाणं मी बंद केलं, न जाणो पन्ह्यात कोणी दुधाचा चमचा घातला असेल. शेवटी शेवटी तर मला माझ्यावरच शंका यायला लागली, की झोपेत उठून मी काही खाते की काय. भरल्या घरात मी इतकी एकटी कधी पडले नव्हते.

रेवाला वरचं द्यायची वेळ आली तेव्हा जिज्जींनी शेतकी कॉलेजातल्या एका ओळखीच्या बाईंकडून सोयाबीन आणलं. रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची, वाटायचं, उकळायचं, पंच्यातून गाळायचं. घरभर कच्चट वास. रेवा एक घोट घ्यायची आणि माझ्या अंगावर थुंकायची. "पी ग माझी माय, पी," म्हणून जिज्जी तिच्यासमोर वाटी वाजवायच्या. वजन मात्र हलेना. मी शेवटी तिला सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मला फैलावर घेतलं, की असल्या घरगुती पाण्यावर बाळ वाढत असतं का. बाळांसाठीची सोयाची डब्यातली पावडर लिहून दिली, चामडीला दिवसातून चारदा सांगितलेलं तेलकट मलम, आणि पाझरेल तिथे लावायला दुसरं एक मलम. होमिओपॅथीवाल्यांना मलम चालत नव्हतं. म्हणून मी ते पिठाच्या डब्यामागे लपवलं आणि जिज्जी साडेदहाला शाळेत गेल्या की लावायची. म्हणजे लपवाछपवी मीही करत होते, हे कबूल केलं पाहिजे.

त्या दिवशी आमचा नळ लवकर गेला. एरवी मी रोज सकाळी मागच्या अंगणात लंगोट धुवायची, तेव्हा जिज्जी पूजा करायच्या आणि रेवा त्यांच्या मांडीवर असायची. त्या दिवशी मी अर्धी बादली तशीच टाकून आत आले. देवघरासमोर जिज्जी पाठमोऱ्या बसल्या होत्या. बाळकृष्णाला पंचामृताची आंघोळ घालून झाली होती. त्यांनी करंगळीजवळचं बोट त्या वाटीत बुडवलं आणि रेवाच्या ओठाला लावलं. परत बुडवलं, परत लावलं. पाच वेळा. पोरगी मिटक्या मारत होती.

"हे काय देऊन राहिल्या तुम्ही?" मी म्हटलं.

त्या वळल्या, अगदी सहज. "तीर्थ आहे ग. बारशापासून देते. बोलले होते ना मी माईला."

"त्यात दूध आहे, जिज्जी. दही आहे, तूप आहे."

"ते दूध कुठं? ते तीर्थ आहे," त्या म्हणाल्या.

खोटं बोलत नव्हत्या. हे मला आज कळतं. पंचामृत देवाच्या अंगावरून उतरलं की त्यांच्या लेखी त्यातलं दूध संपायचं. कापूर त्यांनी सोडला, कांदा-लसूण घराबाहेर घालवला, मला जिलबीच्या वासाचंही भय घातलं, आणि दुधाची वाटी रोज स्वतःच्या हाताने... पण त्या सकाळी मला एवढा विचार कुठे सुचतो. पाच महिने मी घरात चोरासारखी वावरले होते. ते सगळं माझ्या तोंडात आलं. मी रेवाला त्यांच्या मांडीवरून हिसकावून घेतलं आणि म्हटलं, "तुमचं स्वतःचं लेकरू असतं तर कळलं असतं तुम्हाला."

जिज्जी उठल्या. वाटी उचलली, तुळशीत ओतली, घासली. मग साडी नेसून शाळेत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ किसल्याचा आवाज आला. जिज्जींनी नारळाचं दूध काढलं, त्यात केळं कुस्करलं, गूळ, मध आणि ग्वारीघाटाहून आणलेलं नर्मदेचं पाणी घातलं. पाच व्हायला पाहिजेत म्हणून. त्यानेच बाळकृष्णाला आंघोळ घातली. रेवाला मांडीवर घेतलं नाही. पूजा झाल्यावर मला हाक मारली आणि माझ्या उजव्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं. "तू घे. तिला द्यायचं का नाही, तू ठरव." त्या बोटाने त्यांनी रेवाला पुन्हा कधी काही चाटवलं नाही.

पोरगी हळूहळू निवळली. अडीच-तीन वर्षांची होईतो गाल मऊ झाले. गोळ्यांनी, मलमाने, दूध तोडल्याने की नुसत्या वयाने, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे थोडं थोडं दूध सुरू केलं, तेही सोसलं. पाचव्या वर्षी तिने खोव्याच्या दोन जिलब्या एकटीने खाल्ल्या आणि मी रडले. तेव्हा मी जिज्जींना म्हटलं, आता देवालाही दूध घाला की. त्या किसणीवरून मान वर न करता म्हणाल्या, "चलो, राहू दे. देवाला सवय झाली आता."

ते मला टोमण्यासारखं लागलं. पुढची कितीतरी वर्षं त्या किसणीच्या आवाजाने माझं डोकं उठायचं. वाटायचं, ही बाई रोज सकाळी मला माझं वाक्य ऐकवते आहे. माफी मागायची तर कुठून सुरुवात करायची? मनात शंभरदा म्हटलं असेल. पण त्या तळहातावर तीर्थ घालायच्या, मी ते घ्यायची, ओला हात केसांवरून फिरवायची आणि चहा टाकायला निघून जायची. आमचे हे गेले, रेवा आधी शिकायला आणि मग नोकरीला गेली. रेवाला मराठी समजतं सगळं, पण बोलते हिंदीत. घरात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच उरलो. भांडायचो सुद्धा मराठीत, टीव्हीच्या आवाजावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून, वरणात गूळ घालण्यावरून. हैदराबादला माझ्यासोबत चला म्हटलं तर म्हणाल्या, "मग देवाचं कोण करीन?" निघताना फाटकात रिक्षा उभी होती तरी आतून पळी घेऊन आल्या. तीर्थ दिलं. "लवकर ये. दुबेबाईशी हिंदी बोलून बोलून जबडा दुखतो माझा." मी हसले. तेव्हा म्हणायला हवं होतं.

परत आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी दुबे भाभी जेवणाचा डबा घेऊन आल्या. देवघराकडे बघत म्हणाल्या, "जिज्जी का नारियल वाला भोग... हमको तो सब पता है." मी विचारलं, काय पता आहे? "अरे, वो तो खुद सबको बताती थीं. मोहल्ले में किसी के घर बच्चा हो, पहुँच जाती थीं. कहती थीं, बच्चे के मुँह में कुछ डालने से पहले उसकी माँ से पूछो. मैंने नहीं पूछा था. गलती मैंने की और महीनों शक अपनी भाभी पे किया." मग भाभींनी डब्याचं झाकण उघडून दाखवलं, की कढी आहे, गरम करून घ्या. मी हो म्हटलं. त्या गेल्यावर मी तो डबा तसाच मांडीवर घेऊन बसले. तीस वर्षं जिज्जींनी आपली चूक साऱ्या गल्लीला सांगितली होती, फक्त मला नाही. आणि मी माझी कोणालाच नाही.

आता पूजा मी करते. कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला खडूचे काही फिकट डाग अजून आहेत, 'कापूर' एवढं वाचता येतं. दुधाची पिशवी फ्रिजमध्ये असते, पण पहिल्याच सकाळी माझा हात किसणीकडे गेला. नारळ, केळं, गूळ, मध, माईचं पाणी. आंघोळ घालून झाली की मी मोठ्याने म्हणते, "जिज्जी, चुकलं माझं." इतक्या उशिरा का होईना, मराठीत म्हणते. रेवाचा फोन येतो, "आई, आप ठीक हो ना?" मी तिला हो म्हणून सांगते.

मग तीर्थ घ्यायची वेळ येते. तीर्थ उजव्या तळहातावर घ्यायचं असतं, आणि एकट्या माणसाला ते घ्यायचं तर पळी डाव्या हातात धरावी लागते. डाव्या हाताने तीर्थ दिलेलं जिज्जींना अजिबात चाललं नसतं. रोज मी थोडा वेळ उजवा हात पुढे करून तशीच बसते. मग पळी डाव्या हातात घेते.