समद्दारदांचा इलिश

कोलकात्यातल्या आमच्या दमदमच्या गल्लीत फुटबॉलचा सामना संपल्यावर सर्वांत शहाणा माणूस एकच, निशीथ समद्दार. टायपिंगचा क्लास चालवून निवृत्त झालेले, हाडाचे ईस्ट बंगाल क्लबवाले. मोहनबागानशी सामना असला की आधी विचारा, म्हणतील, बॉल गोल असतो बाबा. संपल्यावर विचारा, मला माहीतच होतं. जिंकले तर कॅप्टनची चाल बघून कळलेलं असे, हरले तर गोलकीपरची.

जिंकले की संध्याकाळी घरी इलिश मासा नेत, हरले की अंडी. बत्तीस वर्षं त्यांच्या बायकोने, आमच्या मिनतीबौदींनी, त्या अंड्यांचा मुकाट्याने रस्सा केला. या श्रावणात मात्र नवऱ्याला चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत गाठलं.

"एवढं माहीत असतं ना, मग रविवारी सामन्याआधी बाजार करा. जिंकणार असाल तर इलिश, नाहीतर अंडी. चुकलात तर 'माहीत होतं' हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

समद्दारदांचा चेहरा उतरला. त्या वाक्यावरच तर म्हाताऱ्याची गल्लीतली पत होती.

रविवारी सकाळीच सुतळीने बांधलेली पिशवी त्यांच्या फ्रिजमध्ये गेली. ईस्ट बंगाल दोन गोलांनी हरलं. टपरीवरची आम्ही सगळी मंडळी त्यांच्या घरी लोटलो. समद्दारदा सवयीने "मला माहीतच" म्हणेपर्यंत बौदींनी सुतळी कापली. आत दीड किलोचा इलिश, गाभोळीसकट.

सगळे पोट धरून हसले. मला मात्र राहवेना. त्यांचं मीठ नसेल, पण मासा मी बराच खाल्ला होता.

"बौदी, ते दरवेळी सकाळीच इलिश घेतात आणि माझ्या फ्रिजमध्ये ठेवतात. हरले की म्हणतात, तुम्हीच खा."

मी मोहनबागानवाला. आमचे लोक जिंकले की कोळंबी खातात; ती आणि वर त्यांचा इलिश, मी कशाला बोलतोय?

बौदींनी आधी मला नजरेने सोललं, मग नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे हरणार हे तुम्हाला कधीच माहीत नव्हतं?"

"एकदाही नाही," समद्दारदा खाली बघत म्हणाले.

बौदींनी इलिशसाठी मोहरी वाटायला घेतली. जेवताना मला काटेरी शेपटी वाढली, नवऱ्याला गाभोळी.

"पुढच्या महिन्यात परतीचा सामना आहे. काय आणाल?"

"इलिश. जिंकणारच आहोत. मला माहीत आहे."

सामन्याआधी हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

"मग जरा मोठा आणा," बौदी म्हणाल्या, "आणि आपल्याच फ्रिजमध्ये ठेवा."