एकदाच विचारलं

ऑफिसात बारा वाजले की पर्लिताच्या डोक्याला ताप सुरू व्हायचा.

"काय गं, कुठे जायचं जेवायला?"

जिंकी टाइप करता करता म्हणायची, "कुठेही चालेल, आते." खुर्चीतून अर्धा उठलेला रॉमेलही तेच म्हणायचा, "तुम्ही म्हणाल तिथे, आते." आणि पर्लिताने एखाद्या नव्या हॉटेलाचं नाव घेतलं की दोघांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे व्हायचे. मग आधी बोलायला काय जीभ झडली होती? शेवटी रोजचं ठरलेलंच. क्युबाओच्या एका गल्लीत टायरच्या दुकानाला लागून आलिंग नेने नावाच्या बाईंची खानावळ होती, तिथेच सगळी वरात जायची. काचेमागची पातेली बघायची, बोट दाखवायचं, भाताची थाळी उचलायची.

ऑफिस पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीचं. तिथल्या बिलांच्या विभागात पर्लिता सगळ्यांची आते, म्हणजे थोरली बहीण. कोणता दुकानदार बोंब मारतोय, कोणाला गोडीगुलाबीने घ्यायचं, कोणाला झापायचं, सगळं ती बघायची. सुपरवायझर मँग टिबो नुसते पेपर वाचायचे आणि सही ठोकायचे. ते निवृत्त झाले, खुर्ची रिकामी झाली, आणि पर्लिताने मनाशी पक्कं केलं की आता ही खुर्ची आपली. राबायचं आपण आणि दारावर पाटी दुसऱ्याची, हे तिला आता पुरे झालं होतं. कोणाला न सांगता तिने एक नवा ब्लाउजसुद्धा शिवायला टाकला.

खुर्ची द्यायची होती नव्या मॅनेजरने, गॅरेट सरांनी. त्यांचे आईबाप इथलेच, इलोकोसकडचे, पण पोरगा वाढला कॅनडात. भाषा बऱ्यापैकी यायची, रीत मात्र औषधालाही नव्हती. आईच्या वयाच्या बाईला सरळ 'पर्लिता' म्हणून हाक मारायचे. तरी स्वभावाने गरीब. एका शुक्रवारी आपणहून म्हणाले, "मीही येऊ का तुमच्याबरोबर?"

शुक्रवारी आलिंग नेनेकडे मुगाची आमटी. वर कुरकुरीत चरबीचा चुरा, बाजूला तळलेली मासळी, आणि मध्ये सगळ्यांत मिळून लुंपियाची, म्हणजे सारण भरून तळलेल्या गुंडाळ्यांची, ताटली. जेवण रंगात आलं आणि सरांनी चमचा खाली ठेवला.

"पर्लिता, मँग टिबोंच्या जागेवर मला तुम्ही हव्या आहात. घ्याल ती जबाबदारी?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आमटीच्या वाटीसमोर येऊन उभं राहिलं होतं. आणि तिच्या तोंडून काय निघालं?

"अय्या, नको हो सर! मी कुठली एवढी मोठी! माझ्यापेक्षा हुशार माणसं आहेत की."

आता यात तिचं काय चुकलं, सांगा. कोणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. समोरच्याने पुन्हा आग्रह करायचा, आपण पुन्हा मान हलवायची, मग तिसऱ्यांदा 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं. पहिल्या हाकेला धावून जाते ती हावरट. भाताच्या दाण्याबरोबर हे आम्ही शिकलो. पर्लिता मान खाली घालून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत राहिली.

"ठीक आहे," सर म्हणाले. "तुमच्या मताचा मी मान राखतो." आणि त्यांनी मासळीचा काटा काढायला घेतला.

संपलं! एवढंच! रॉमेलच्या घशात घास अडकला. जिंकीने टेबलाखालून पर्लिताच्या पायावर अशी लाथ मारली की बाई कळवळली.

परत जाताना जिंकी तणतणत होती. "आते, हो म्हणायचं ना! आता बसा हात चोळत!"

"अगं, विचारतील पुन्हा. कोणी एकदा विचारून सोडतं का?"

"मी सांगू का त्यांना?"

"खबरदार! त्यांना वाटेल मीच तुला पाठवलं. तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

त्यानंतर सर रोजच जेवायला यायला लागले. पर्लिता रोज त्यांच्या समोरची जागा धरायची, विषय विभागाकडे वळवायची, "मँग टिबो गेल्यापासून फार ओढाताण होते हो सर," म्हणून सुस्कारा टाकायची. सर सहानुभूतीने मान हलवायचे आणि भात मागवायचे. ताटलीत शेवटचा लुंपिया उरायचा. तो तुकडा आमच्याकडे कोणी उचलत नाही. सगळे एकमेकांकडे ढकलतात, आणि अर्धा तास तो ताटलीत एकटा पडून राहतो. सर विचारायचे, "घेणार का, पर्लिता?" पर्लिता म्हणायची, "नको नको," आणि तुकडा सरांच्या तोंडात गडप! पर्लिताला वाटायचं, आमटीची वाटी याच्या डोक्यावर पालथी घालावी. ह्याच्या आईने ह्याला काही शिकवलं की नाही? एकदा, फक्त एकदा पुन्हा विचार ना रे बाबा!

बाबा काही विचारेना. उलट एके दिवशी हसत हसत म्हणाला, "आनंदाची बातमी. दावाओ शाखेतून नवी सुपरवायझर येतेय. आता तुमची ओढाताण संपली, पर्लिता."

पर्लिता म्हणाली, "वा, छान झालं, सर." त्या दिवशी तिने भात अर्धाच खाल्ला, आणि घरी जाऊन नवा ब्लाउज बहिणीला देऊन टाकला.

नवी सुपरवायझर आली. नाव रोवेना, वय जेमतेम जिंकीएवढं. पहाटेच्या विमानाने आलेली, चेहरा सुकलेला. दुपारी सर तिलाही खानावळीत घेऊन आले. सगळ्यांनी पातेल्यांकडे बोटं दाखवली, ती मात्र पर्स मांडीवर घेऊन गप्प बसून राहिली.

"रोवेना, जेवणार ना?" सरांनी विचारलं.

"नको, सर. मी खाल्लंय."

"बरं," असं म्हणून सरांनी स्वतःच्या भातात चमचा घातला.

पर्लिताने त्या पोरीकडे पाहिलं. पोरीची नजर आमटीच्या वाटीवरून हलत नव्हती. पहाटेपासून हिच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नसणार, आणि हा बाबा खुशाल जेवतोय! पर्लिताच्या आत इतके दिवस जे शिजत होतं ते एकदम उतू गेलं.

"सर, तिला पुन्हा विचारा!"

सर दचकले. "पण ती नको म्हणाली."

"मीही नको म्हणाले होते!"

शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. रॉमेलने मान खाली घातली. पर्लिताचे कान लालबुंद झाले होते, पण शब्द निघून गेला होता आणि तिला तो परत घ्यायचा नव्हता.

सरांना तो शुक्रवार आठवला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते रोवेनाकडे वळले.

"रोवेना, थोडं जेव ना."

"नको, सर, खरंच."

त्यांनी पर्लिताकडे पाहिलं. पर्लिताने भुवयांनीच सांगितलं, अजून एकदा.

"रोवेना, जेव. आमच्यासाठी."

"बरं... तुम्ही एवढं म्हणताय तर," पोरगी पुटपुटली, आणि आलिंग नेनेने थाळी पुढे ठेवायच्या आत तिने चमचा हातात घेतला.

सर पर्लिताकडे वळले. "पर्लिता, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही पुन्हा विचारलंत कुठे?"

रोवेनाला कसलाच पत्ता नव्हता, ती खाली मान घालून आमटी ओरपत होती. पर्लिताने आपल्या ताटातला मासळीचा तुकडा तिच्या थाळीत टाकला. पोरीवर रागवून काय करायचं!

ताटलीत शेवटचा लुंपिया उरला होता. सरांनी ताटली पर्लितापुढे सरकवली.

"घ्या."

"नको."

"घ्या ना, आते पर्ली."

"नको, सर."

"आते, घ्याच."

पर्लिताने घेतला. एव्हाना तो पार गार होऊन मऊ पडला होता.