गाळणखोलीतलं बोलणं

माझा मामा समुद्राचं पाणी गाळतो. थट्टा नाही, पगार मिळतो त्याचा! बंदराजवळचं, खाडीच्या तोंडाचं आणि पार खोल समुद्रातलं, असं तीन जागांचं पाणी दर आठवड्याला बाटल्यांतून येतं. ते गाळलं की पांढऱ्या चकतीवर जिवाणू अडकतात. "बंदरातली मंडळी वेगळी, खोल पाण्यातली वेगळी," मामा घसा खाकरत सांगतो. "आणि उन्हाळ्यात गर्दी करणारे थंडीत गायब. थेट तुझ्या काकासारखे!"

गाळणखोलीला खिडकी नाही. पंप घूंऽऽ करत असतो. मामाचा जोडीदार थंडीच्या सुरुवातीला बदली होऊन गेला, त्याची खुर्ची तेवढी राहिली. घरीही मामाची वाट बघणारं कुणी नाही.

थंडीतल्या चकत्यांचे निकाल आले आणि प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी मामाला बोलावलं. बाई नाकातून बोलतात. "काय हो, समुद्रात माणसाच्या तोंडातले जिवाणू? बरं, एका जागी समजू शकते. तिन्हीकडे तेच?"

"होडीवाले पाणी भरताना गप्पा हाणत असतील," मामा म्हणाला.

"असं? मग त्यांना काढते. दुसरे बघू."

मामा दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"बाई, त्यांना नका काढू. ते माझ्या तोंडातले आहेत. मास्क हनुवटीवर असतो माझा."

"पण तुम्ही तर एकटेच असता ना तिथे? बोलता कुणाशी?"

मामा चपलेकडे बघत म्हणाला, "बाटल्यांशी. आलात का, आज उशीर केलात, गारठलात का... असलं काहीबाही. सवयच लागली."

बाईंना हसू फुटलं, पण लगेच विरलं.

थंडीतल्या सगळ्या चकत्या बाद झाल्या. गेल्या थंडीतलं पाणी आता कुठून आणणार? मामाची नोकरी मात्र वाचली. अट एकच, मास्क नाकावर आणि तोंड बंद.

हल्ली रविवारी मामा आमच्याकडे येतो. आई म्हणते, "अरे दादा, बोल की काहीतरी!" "काय बोलू?" म्हणतो आणि चहा ढवळत बसतो.

परवा नवे निकाल आले. बाई मुद्दाम गाळणखोलीत सांगायला गेल्या. "एकदम स्वच्छ! तोंडातला एकही नाही!"

मामाने नुसती मान हलवली. महिनाभर त्या खोलीत कुणी चकार शब्द काढलेला नाही, हे आता तपासून सिद्ध झालं होतं.