विमान क्लबच्या सभेत मी एकटी

मित्रांनो, आज सकाळी बसवकल्याणात आमच्या रिमोटच्या विमानांच्या क्लबची वार्षिक सभा होती.

अध्यक्ष, त्यांचा भाऊ आणि जावई, एवढीच आमची कमिटी. वर्षानुवर्षं तीच. यंदा त्यांनी ठराव आणला की रविवारी मैदानावर फक्त कमिटीची विमानं उडतील. बाकीच्यांना सुट्टीच रविवारची असते. म्हणून मी आठवडाभर एकेकाला फोन केले. सगळे म्हणाले, "व्हय अक्का, येतो की."

सभेला कमिटी आली आणि मी आले.

मी विरोध केला. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "अक्का, तुमच्या बाजूनं आणखी कोण हाय?" मी दाराकडं बघत राहिले. ठराव पास झाला.

घरी येऊन संतोषला फोन लावला. कमिटीबद्दल सगळ्यात जास्त तक्रार त्याचीच असते. विचारलं, "कामून आला न्हाईस?"

तो म्हणाला, "अक्का, तुम्ही जायलाव म्हणल्यावर आम्ही निर्धास्त होतो."

आता ग्रुपवर अध्यक्षांचं अभिनंदन चालू आहे. संतोषनंही फुलं पाठवलीत. मी माझं विमान माळ्यावर टाकून दिलं.

तुमच्याकडं तरी सभेला माणसं येतात का हो?